आडनाव कुठून आलं आणि ते पक्कं कुणी केलं?

जात पडताळणीच्या प्रस्तावासाठी जुने कागद काढायला गेलेल्या माणसापुढे एक अडचण हमखास उभी राहते. पणजोबांचं नाव सापडतं, त्यांच्या वडिलांचंही सापडतं, जातीचा उल्लेखही मिळतो. पण आडनाव कुठेच नसतं. मग घरात चर्चा सुरू होते. हे आपलेच पणजोबा कशावरून? तेव्हा आपल्याला आडनाव नव्हतं का? नसेल, तर आज आहे ते आलं कुठून?

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेत आणखी एक प्रश्न विचारला जातो. पिपरी हे गावाचं नाव समजू शकतं, पण त्याला जोडून मेघे हे आडनाव कशासाठी?

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आडनाव जन्माला येतं ते माणसं ओळखण्याच्या गरजेतून, आणि टिकतं ते सरकारी कागदामुळे. फ्रान्समध्ये हेच झालं आणि वर्ध्यातही हेच झालं. फरक आहे तो काळाचा.

१. एका नावाची दोन माणसं

शाळेच्या एका वर्गात दोन गणेश असले की चार दिवसांत पोरं आपापली सोय करून घेतात. एक होतो 'उंच गणेश', दुसरा 'पुलगावचा गणेश'. तिसरा आला तर तो 'गुरुजींचा गणेश'. कुणी ठराव करत नाही, कुणाची परवानगी घेत नाही. नाव कमी पडलं की त्याला काहीतरी जोडलं जातं. आडनावाची सुरुवात नेमकी अशीच आहे.

हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या बहुतेक माणसांना एकच नाव असे. अकराव्या-बाराव्या शतकात लोकसंख्या वाढू लागली आणि गावोगाव ज्याँ, पियेर अशी संतांची तीच ती नावं साचली. मग पुलाजवळ राहणारा तो द्युपाँ, रानाजवळचा तो द्युब्वा, भट्टीवर पाव भाजणारा तो बुलांजे, ठेंगणा तो पती. आधी ही ओळख त्या एका माणसापुरती होती. पुढे घर, जमीन आणि धंदा मुलाकडे गेला तशी ती ओळखही मुलाकडे गेली. बाप मेल्यावर मुलगा उंचापुरा निघाला तरी तो पतीच राहिला. टोपणनाव एका माणसाबरोबर संपतं, आडनाव पिढी ओलांडतं. दोहोंतला मुख्य फरक हाच.

२. गावाला आडनाव का लागलं?

माणसांची जी अडचण, तीच गावांची. विदर्भात झाडांवरून पडलेली गावांची नावं अमाप आहेत. पिंपळाच्या कुळातून पिपरी आणि पिंपरी, बोरीवरून बोरगाव, शिंदीवरून सिंदी, उंबरावरून उमरी. ही झाडं सगळीकडे उगवतात, त्यामुळे ही नावंही सगळीकडे आढळतात. नुसतं 'सिंदी' म्हटलं तर पत्र कुठे जाणार आणि शेतसारा कुठल्या गावाच्या खात्यावर जमा होणार?

म्हणून नावाला शेपूट लागलं. वर्ध्याजवळ सिंदी (मेघे) आहे आणि सेलू तालुक्यात सिंदी (रेल्वे). पहिलीला घराण्याचं नाव चिकटलं, दुसरीला स्टेशनाचं. वर्ध्याच्या आसपास पिपरी, बोरगाव, सावंगी, सिंदी, उमरी या साऱ्यांच्या पुढे मेघे लागतं. जिल्ह्याच्या उत्तरेला कारंजा (घाडगे) आहे. दुसरं कारंजा, म्हणजे कारंजा (लाड), वाशीम जिल्ह्यात. कुठे ओळखीला शेजारचं गाव येतं, जसं खरांगणा (मोरांगणा).

गावाच्या नावाला घराण्याचं नाव जोडण्याची ही पद्धत समजायला इथली जमीनव्यवस्था ठाऊक हवी. १८५३मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१मध्ये मध्य प्रांत झाला आणि १८६२मध्ये नागपूरपासून वेगळा वर्धा जिल्हा करण्यात आला. त्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारांना गावावर मालकी हक्क दिले. मालगुजार म्हणजे संपूर्ण गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी घेणारा. पश्चिम महाराष्ट्रात रयतवारी होती. तिथे प्रत्येक शेतकऱ्याचं खातं सरकारशी थेट जोडलेलं होतं. इथे सरकार आणि कूळ यांच्या मध्ये एक घराणं उभं असे. अशा मुलखात गाव आणि घराणं एका दमात उच्चारलं जाणं स्वाभाविक होतं. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली, जमिनीचे हक्क बदलले. पण गावांच्या नावांना लागलेली घराण्यांची नावं कागदावर तशीच राहिली.

इथे एक उलटापालट लक्षात घेण्यासारखी आहे. कोकणात आणि देशावर माणूस गावाचं नाव घेतो आणि 'कर' होतो. पिपरी मेघेसारख्या ठिकाणी गावानं माणसाचं नाव घेतलं.

३. आडनावांचे चार उगम

जगभरातल्या बहुतेक आडनावांचे चार उगम सांगता येतात: ठिकाण, काम, बापाचं नाव आणि माणसाचं एखादं लक्षण.

ठिकाणावरची आडनावं आपल्या सर्वांत परिचयाची. मात्र 'कर'बद्दल एक बारकावा आहे. माणूस गावातच राहत असेल तर त्याला गावाच्या नावानं हाक मारून उपयोग नसतो, कारण सगळेच त्या गावचे. गाव सोडून बाहेर पडल्यावर 'कर' लागतो. म्हणून 'कर' हे बहुधा स्थलांतराची खूण असते. कोकणात शेकडो वर्षं राहिलेल्या बेने इस्रायली ज्यूंनीही हीच रीत उचलली. किहीमचे ते केहीमकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर. धर्म वेगळा, प्रार्थनेची भाषा वेगळी, पण आडनाव अस्सल मराठी.

दुसरा उगम कामाचा आणि हुद्द्याचा. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील ही मुळात पदं. चिटणीस, फडणीस, पोतनीस यांतला 'नीस' फारसीतल्या 'नवीस'चा, म्हणजे लिहिणाऱ्याचा. पद वंशपरंपरेनं चालू लागलं की त्याचं आडनाव होतं. श्रीवर्धनच्या भट घराण्यातले बाळाजी विश्वनाथ १७१३मध्ये पेशवे झाले, आणि पुढे ते घराणं भट म्हणून कमी आणि पेशवे म्हणून जास्त ओळखलं गेलं. वर्ध्याच्या इतिहासातली दोन मोठी आडनावंही याच गटातली आहेत. बजाज म्हणजे कापडाचा व्यापारी. शब्द अरबीतून आलेला. गांधी हे आडनाव किराणा आणि सुगंधी द्रव्यांच्या व्यापाराचं. आपलं कुळ पूर्वी किराणा विकत असावं, असं खुद्द गांधीजींनी आत्मकथेत नोंदवलं आहे. पण त्यांचे वडील आणि आजोबा संस्थानांचे दिवाण होते. धंदा केव्हाच सुटला, नाव राहिलं. फ्रान्समधल्या लफेव्र या आडनावाचंही तसंच. अर्थ लोहार; लॅटिनमधल्या 'फाबेर'पासून आलेला. उत्तरेत त्याचं लफेव्र झालं, दक्षिणेत फाब्र. आज हे आडनाव लावणाऱ्यांपैकी ऐरणीशी संबंध असलेला क्वचितच सापडेल.

तिसरा उगम बापाच्या नावाचा. फ्रान्समध्ये सर्वांत जास्त आढळणारं आडनाव मार्तँ, आणि ते मुळात एका संताचं पहिलं नाव आहे. बेर्नार, तोमा यांची कथा तीच. मराठीत हा प्रकार कमी दिसतो, कारण आपण बापाला नावाच्या मधोमध कायमची जागा दिली. ती जागा दर पिढीला बदलते, त्यामुळे बापाच्या नावाचं आडनाव होण्याची फारशी गरज पडली नाही. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनानं त्यात आईचंही नाव आणलं: आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव.

चौथा उगम लक्षणांचा. आपल्याकडे काळे, गोरे, बोबडे. फ्रान्समध्ये लग्रां म्हणजे मोठा, लरू म्हणजे तांबड्या केसांचा. एखादी वस्तूसुद्धा माणसाची ओळख होते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६मध्ये जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांना लोकांनी त्यांच्या हातातल्या मातीच्या गाडग्यावरून गाडगेबाबा म्हटलं. कागदावरचं जानोरकर मागे पडलं आणि अमरावतीचं विद्यापीठ आज 'गाडगे बाबा' या नावानं ओळखलं जातं.

या चार उगमांवर भाषेचाही रंग चढतो. विदर्भाच्या दक्षिण भागात कन्नमवार, मुनगंटीवार, वडेट्टीवार अशी 'वार'ने संपणारी आडनावं भेटतात. तेलुगूत 'वारु' हे आदरार्थी रूप आहे, आणि ही आडनावं त्या शेजाराची आठवण देतात. चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार १९६२मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा या वळणाचं आडनाव राज्यभर परिचित झालं.

४. महादजींच्या पदरी आलेलं एक फ्रेंच आडनाव

आडनाव घट्ट होण्यापूर्वी ते किती लवचीक होतं, याचं उत्तम उदाहरण मराठ्यांच्या इतिहासातच आहे.

८ मार्च १७५१ रोजी सव्हॉय प्रांतातल्या शांबेरी गावी कातड्या-लोकरीच्या एका व्यापाऱ्याला मुलगा झाला. नाव बन्वा लबोर्न्य. सव्हॉय तेव्हा सार्डिनियाच्या राजाकडे होतं, पण तिथली भाषा फ्रेंच होती. 'लबोर्न्य' म्हणजे एका डोळ्याचा. कधीकाळी घराण्यातल्या एका माणसाला चिकटलेली खूण पिढ्यान्‌पिढ्या वाहत आली होती.

हा तरुण फ्रेंच सैन्यातल्या आयरिश पलटणीत गेला, नंतर रशियाच्या बाजूनं लढताना तुर्कांच्या कैदेत पडला, आणि १७७८मध्ये मद्रासला पोचला. १७८४मध्ये महादजी शिंद्यांनी त्याला पलटणी उभ्या करण्याचं काम दिलं. तोवर त्याची ओळख लबोर्न्य राहिली नव्हती. तो 'द ब्वान्य' झाला होता; आपल्याकडच्या इतिहासग्रंथांत तो डी बॉयन म्हणून येतो.

बदल केवढासा? एक ध्वनी इकडचा तिकडे झाला आणि 'ल'च्या जागी 'द' आलं. पण त्या 'द'चं वजन फार होतं. फ्रेंचमध्ये 'द' म्हणजे 'चा' किंवा 'इथला', आणि आडनावापुढे तो असला की माणूस जमीनजुमल्याचा, कुलीन असावा असा समज होई. सैन्यात या समजाला किंमत होती. १७८१मध्ये तर फ्रान्सनं असा हुकूमच काढला की थेट अधिकारी व्हायचं तर चार पिढ्यांचं कुलीनत्व दाखवा.

डी बॉयनच्या कवायती कंपूंनी १७९०मध्ये पाटण आणि मेडत्याच्या लढाया जिंकल्या, १७९३मध्ये लाखेरीची जिंकली. उत्तर हिंदुस्थानात शिंद्यांचा दरारा बसवण्यात त्या पलटणींचा वाटा मोठा होता. १७९४मध्ये महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. दोनेक वर्षांत डी बॉयननं हिंदुस्थान सोडला. त्याच्या जागी आलेला सेनापती पेरॉन, त्याचंही मूळ नाव वेगळंच होतं: पियेर क्युलिए. म्हणजे शिंद्यांच्या फौजेचे लागोपाठ दोन फ्रेंच भाषक सेनापती जन्माच्या आडनावानं वावरत नव्हते.

डी बॉयन शेवटी शांबेरीला परतला. सार्डिनियाच्या राजानं त्याला काउंट केलं, त्यानं गावाला भरपूर दान दिलं आणि १८३०मध्ये तो वारला. १८३८मध्ये शांबेरीत त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचं कारंजं उभं राहिलं. गावातल्या मुख्य रस्त्यालाही त्याचंच नाव आहे. ते आडनाव पुढे चालवलं त्याच्या मुलानं, ज्याचा जन्म हिंदुस्थानात झाला होता आणि ज्याचं लहानपणचं नाव अली बक्ष होतं. एका डोळ्याच्या पूर्वजापासून काउंटपर्यंत आणि शांबेरीपासून दिल्लीपर्यंतचा सगळा प्रवास या एका आडनावात आहे.

५. फ्रान्सनं दार कसं बंद केलं?

असा बदल आज इतक्या सहज करता येणार नाही, कारण मधल्या काळात कागद आला.

१५३९मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा यानं विलेर-कोत्रे इथे एक फर्मान काढलं. प्रत्येक चर्चनं बाप्तिस्म्याची वही ठेवावी, असं त्यात होतं. १५७९मध्ये लग्नं आणि दफनं यांच्याही नोंदींचा हुकूम निघाला. वहीत बाप आणि मुलगा एकाच आडनावाखाली येऊ लागले आणि आडनावं हळूहळू स्थिरावली. क्रांतीनंतर, १७९२मध्ये, ही वही चर्चकडून नगरपालिकेकडे गेली. १७९४मध्ये कायदा झाला की जन्मनोंदीत जे नाव आणि आडनाव आहे त्याखेरीज दुसरं कुणीही लावायचं नाही. १८०३मध्ये बदलाला वाट ठेवली, पण ती सरकारच्या परवानगीनं. १८०८मध्ये नेपोलियननं ज्यूंनाही कायम आडनाव नोंदवायला लावलं.

या कायद्यांचा एक परिणाम आपल्याकडे फारसा माहीत नाही. फ्रान्समध्ये लग्नानंतर स्त्रीचं कायदेशीर आडनाव बदलत नाही. नवऱ्याचं आडनाव ती वापरू शकते, इतकंच. २००५पासून मुलाला आईचं, बापाचं किंवा दोघांचंही आडनाव देता येतं. १ जुलै २०२२पासून प्रौढ माणसाला आई-वडिलांपैकी दुसऱ्याचं आडनाव साध्या अर्जानं घेता येतं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी बंद केलेलं दार तिथे आता जरासं उघडलं आहे.

६. आपल्याकडचा कागद

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. पणजोबांच्या कागदावर आडनाव का नाही?

कारण तो कागद आडनावासाठी केलेलाच नव्हता. बंदोबस्त मिसल जमिनीचा कसणारा कोण हे सांगण्यासाठी होती. वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक गावाचे रिवाज आणि हक्क सांगण्यासाठी. कोतवाल बुक जन्म-मृत्यूची मोजदाद ठेवण्यासाठी. गावात तुकारामाचा गणपत एकच असेल, तर 'गणपत वल्द तुकाराम' इतकं पुरेसं होतं. वल्द म्हणजे मुलगा. सोबत जात आणि गाव लिहिलं की लिहिणाऱ्याचं काम झालं. आडनाव अनेकदा पहिल्यांदा कागदावर आलं ते शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, कारण गुरुजींना एकाच नावाची पोरं वेगळी ओळखायची होती.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका घराला चार कागद मिळाले:

पहिला, १९१०च्या सुमाराची बंदोबस्त मिसल: 'गणपत वल्द तुकाराम, कुणबी, सा. देह'. सा. देह म्हणजे याच गावचा राहणारा.
दुसरा, १९२६चं कोतवाल बुक: 'गणपत, कुणबी, मुलगा झाला'. मुलाचं नाव नाही, कारण बारसं व्हायचं होतं.
तिसरा, १९३३चं शाळेचं रजिस्टर: 'महादेव गणपत वानखडे', जन्म १९२६.
चौथा, १९५४-५५चा अधिकार अभिलेख: 'महादेव गणपत वानखेडे'.

आडनावावर नजर ठेवली तर चार कागदांत तीन प्रकार दिसतात: काहीच नाही, वानखडे आणि वानखेडे. पण आता आडनाव बाजूला ठेवून बघा. गाव तेच. गणपतचा बाप तुकाराम, महादेवचा बाप गणपत. कोतवाल बुकातला जन्म आणि शाळेतलं जन्मवर्ष जुळतं. मिसलीतला खसरा नंबर आणि अधिकार अभिलेखातला नंबर एकाच शेताचे निघाले, तर साखळी पुरी झाली. बाप-मुलाची जोडी, गाव, वर्ष आणि शेत या चार कड्यांनी नातं सिद्ध होतं. एका मात्रेचा फरक लिहिणाऱ्याच्या कानाचा आणि हाताचा असतो. त्यानं घराणं बदलत नाही.

हे कागद आज इतके मोलाचे का? जात पडताळणीत ठरावीक तारखेआधीचा पुरावा पाहिला जातो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. देशभर जन्म-मृत्यू नोंदणीचा एकसारखा कायदा झाला तो त्यानंतर, १९६९मध्ये. म्हणजे ज्या काळाचा पुरावा हवा, तो नेमका आडनावं अजून कागदावर स्थिरावत होती तो काळ. अडचण तुमच्या घराण्यात नाही, त्या काळाच्या लेखनपद्धतीत आहे.

७. आपल्या आडनावाचा शोध कसा घ्यावा?

पहिली गोष्ट: आडनावाच्या अर्थावरून घराण्याचा इतिहास ठरवू नका. अर्थ सुचवतो, सिद्ध करत नाही. गांधी आडनावाच्या घरात दिवाण झाले, आणि 'द' लावणारा सेनापती व्यापाऱ्याचा मुलगा होता.

दुसरी: आजपासून मागे जा. स्वतःचा दाखला, मग वडिलांचा, मग आजोबांचा. एकदम दोनशे वर्षं मागे उडी मारून आडनाव जुळणाऱ्या एखाद्या सरदाराला पूर्वज मानलं, की शोध तिथेच चुकतो.

तिसरी: एकाच आडनावाच्या सगळ्यांना एक घराणं समजू नका. पाटील हे पद गावोगाव होतं, म्हणून पाटील आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झालं. वेगवेगळ्या जातींत एकच आडनाव सापडतं तेही यामुळे. आडनावावरून माणसाची जात, योग्यता किंवा स्वभाव ओळखू पाहणं ही चुकीची आणि अन्यायाची सवय आहे.

चौथी: तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालय, जुनी शाळा आणि तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यायांच्या नामावळ्या या तिन्ही ठिकाणी विचारा. कागद मोडी लिपीत असला तर जाणकाराकडून वाचून घ्या.

आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची. बहुतेक वंशावळीत बायका नसतात. आजीचं माहेरचं आडनाव, पणजीचं गाव, आत्यांची नावं कुठल्याच सरकारी वहीत एकत्र सापडत नाहीत. ती फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असतात. मिसल अजून पन्नास वर्षांनीही कार्यालयात मिळेल, पण आजीला ठाऊक असलेलं आजच विचारावं लागेल. म्हणून या आठवड्यात एक वही घ्या, घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा आणि चार पिढ्यांची नावं, बायकांच्या माहेरच्या आडनावांसकट, लिहून काढा.